चिपाडाचा जाळ

शियेच्या रस्त्याला नेमगोंडाचं बंद गुऱ्हाळ.
काहिलीच्या जागी आता विमान बसलंय.
एका पंखावर कापड चढलंय,
दुसऱ्याच्या बरगड्या अजून उघड्या,
आणि नाकात ते इंजिन, ज्याला पिस्टनच नाही:
कमरेत आवळलेल्या पोटात
तीन कोपऱ्यांचा रोटर, कडेकडेनं घासत फिरणारा.
पहिल्यांदा खोललं तेव्हा मी म्हटलं,
"ह्यो तर समोसा हाय की वो, डब्यात अडकलेला."

माझं लेथ उद्यमनगरात, तिसऱ्या बोळात.
चरकाच्या लाटा घासल्या, पंपाचे शाफ्ट केले,
सुताच्या हिशोबात केस पांढरे झाले.
ह्या माणसानं मला मायक्रॉनला लावलं.

म्हणाला, जोतिबाच्या डोंगरावरनं जायला हे इंजिन पुरतंय.
दहा हजार फुटांवर मात्र हवा पातळ होते,
खानावळीत शेवटच्या पंगतीला येणाऱ्या रश्श्यासारखी.
म्हणून टर्बो.
शिरोलीच्या भंगारातला, मेलेल्या ट्रकचा.
पाठीला पाठ लावलेले दोन शंख,
मधे बोटाएवढा दांडा.
एका शंखात इंजिनाचा धूर शिरून पातं फिरवतो,
त्याच दांड्यावरचं दुसरं पातं
बाहेरची हवा ओढून इंजिनाच्या तोंडात कोंबतं.

"म्हंजे फुकटच की," मी.
तो चुलाणाच्या खड्ड्याकडे बघत राहिला.
"आमचे आप्पा चाळीस वर्षं गुळवे.
उसाचा रस उसाच्याच चिपाडावर आटवला.
फुकट कसलं?
चुलाणापुढं जळव्याची कातडी भाजायची."

चैत्रात विमान चिंचेला बांधलं, दोन कासऱ्यांनी.
आधी ह्याच्या बोंबलण्यानं
शेजारच्या तानूबाईची म्हैस पान्हा चोरायची.
टर्बोनं ती बोंब गिळली,
उरली एक बारीक शिट्टी.
दस्तगीरचाचानं जोडलेला स्टेनलेसचा पाइप
लाल झाला, मग नारिंगी,
मग बघवेना असा.
बूस्टचा काटा चढत होता.
नेमगोंडाचे डोळे मिटलेले.
आप्पाही म्हणे असेच ऐकायचे,
रस कुठल्या क्षणी आवाज बदलतो ते.

टिक्.
फरशीवर आठाणे पडावेत तसं.

रोटरच्या कोपऱ्याचा सील तुटला होता.
नखाएवढा तुकडा धुराबरोबर गेला
आणि टर्बोच्या पात्याला चावला.
पेट्रोल कमी पडलं असेल, चाचा म्हणाला,
नायतर ठिणगी लवकर पडली.
तीन रात्री मी तो तुकडा आगपेटीत घालून
उशाशी ठेवला.
जास्तीचा धूर सोडून द्यायची खिडकी मीच कापली होती.
अठ्ठावीस मिलिमीटर.
लहान होती. कापतानाच वाटलं होतं,
पण सहा वाजून गेले होते, गिऱ्हाईक खोळंबलं होतं.
कुणी विचारलं नव्हतं.
चौथ्या दिवशी सकाळी जाऊन सांगितलं.
नेमगोंडा दात घासत होता.
चूळ भरली, तोंड पुसलं.
"मग अडतीस कर."

काल पुन्हा बांधलं त्याच चिंचेला.
काटा चढला, आणि जिथं थांबायला हवा तिथं थांबला.
मागच्या सरीतला ऊस वाऱ्यानं आडवा झाला,
त्याचं भांडण उद्या होईल.
उडायचा कागद आलेला नाही,
दुसऱ्या पंखाचं कापडही नाही.

पळवून झाल्यावर इंजिन लगेच मारायचं नसतं.
दोन मिनिटं हळू ठेवायचं;
आतला दांडा मिनिटाला लाख फेऱ्यांवरनं उतरत असतो,
तेल त्याच्यावरनं वाहत राहिलं पाहिजे,
नाहीतर जागच्या जागी जळून खपली धरतं.
चाचा घड्याळ बघतो. कुणी बोलत नाही.
पाइपाची लाली आतल्या आत विझत जाते.
कुंपणापलीकडनं तानूबाई, हातात चरवी:
"झालं का वो? धार काढू का?"

नेमगोंडा वर न बघता हात करतो.
अजून चाळीस सेकंद.